नव्या केंद्राआधी अ‍ॅनिमल हाऊसमध्ये एक कायम माणूस द्या

प्रति,
राज्यातील सार्वजनिक विद्यापीठांचे मा. कुलगुरू आणि व्यवस्थापन परिषदांचे मा. सदस्य

विषय: मेंदूविज्ञानातील पीएच.डी. संशोधनासाठी परिचर, यंत्रदेखभाल आणि विद्यावृत्ती यांची तरतूद करण्याबाबत

महोदय, महोदया,

मी राज्यातल्या एका सार्वजनिक विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात पूर्णवेळ पीएच.डी. करते. विषय मेंदूविज्ञान, नेमके सांगायचे तर दीर्घकाळच्या ताणाने मेंदूच्या पेशींत काय बदलते, हे. विद्यापीठाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. एक तर माझा व्हायवा अजून व्हायचा आहे. दुसरे, माझ्याबरोबर एम.एस्सी. झालेले मित्रमैत्रिणी वेगवेगळ्या विद्यापीठांत आहेत आणि थोड्याफार फरकाने सगळ्यांचे रडगाणे एकच आहे.

मागणी सुरुवातीलाच सांगते, म्हणजे बाकीचे पत्र न वाचता खाली मार्क झाले तरी हरकत नाही. मेंदूविज्ञानाचे नवे ‘उत्कृष्टता केंद्र’ उभारायचा प्रस्ताव आपल्या टेबलावर असेल, तर तो दोन वर्षे थांबवा. तोवर आज जी प्रयोगशाळा चालू आहे तिच्या अ‍ॅनिमल हाऊसमध्ये (प्रयोगाचे प्राणी ठेवायच्या जागेत) एक जाणता, कायम परिचर नेमा, घेतलेल्या यंत्रांचे देखभाल करार सुरू ठेवा, तिथली वीज जाणार नाही हे बघा आणि पूर्णवेळ काम करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला दरमहा पैसे द्या. यातले काहीही फीत कापण्याजोगे नाही, याची मला कल्पना आहे.

परिचर, वीज, एसी असल्या गोष्टी कुलगुरूंना कशाला लिहायच्या, असे वाटेल. रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये परिचर बदलला म्हणून चंचुपात्रातली अभिक्रिया बदलत नाही. आमच्याकडे बदलते. ती कशी, हे समजल्याशिवाय आमचा अर्ज ‘किरकोळ दुरुस्ती’च्या ढिगातून वर येणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

२००२ साली बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेत सुमंत्र चटर्जी यांच्या प्रयोगशाळेने एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. उंदराला बरेच दिवस ताणाखाली ठेवले, तर आठवणींशी संबंध असलेल्या हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या आखडतात, हे आधी माहीत होते. भीतीशी संबंध असलेल्या अमिग्डालामध्ये मात्र उलटे घडते, तिथल्या पेशींच्या फांद्या वाढतात, हे या कामातून पुढे आले. ताण एकच, पण मेंदूचा एक भाग आक्रसतो आणि दुसरा फोफावतो. माझा प्रबंध याच वाटेवरचा आहे.

हे मोजायला दर वेळी कोटींचे यंत्र लागते असे नाही. आम्ही गोल्गीची रंगपद्धत वापरतो. कामिल्लो गोल्गीची ही पद्धत १८७३ ची. पोटॅशियम डायक्रोमेट आणि चांदीचा क्षार, एवढ्यावर ती उभी राहिली. गंमत अशी की ती शंभरातल्या मोजक्याच पेशींना रंगवते, पण ज्यांना रंगवते त्यांना बुंध्यापासून टोकापर्यंत काळेभोर करते. म्हणून तर त्या गर्दीतून एकेक पेशी सुटी दिसते. मग सूक्ष्मदर्शकाखाली तिची फांदी न फांदी रेखाटायची आणि लांबी मोजायची. डोळे चुरचुरतात, मान धरते, पण खर्च फार नाही. अट एकच: ज्या गटाला आपण ताण दिलेला नाही, त्याला खरोखरच ताण झालेला नसावा. आठवडेच्या आठवडे. सगळा प्रबंध या दुसऱ्या गटाच्या स्वस्थतेवर उभा असतो, आणि ती स्वस्थता माझ्या हातात कमी, विद्यापीठ प्रशासनाच्या हातात जास्त असते.

मध्यंतरी आमच्या अ‍ॅनिमल हाऊसच्या भिंतीला लागून नव्या इमारतीचे काम निघाले. पुढे त्यात संशोधन केंद्र येणार होते. ड्रिल सकाळी दहाला सुरू व्हायचे. माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, उंदराला ८० किलोहर्ट्झच्या आसपासपर्यंतचा. आपल्या कानांच्या पलीकडचा कितीतरी गोंगाट त्यांना ऐकावा लागतो. घाबरले की ते २२ किलोहर्ट्झच्या सुमाराला हाका घालतात, त्यादेखील आपल्याला ऐकू येत नाहीत, खास मायक्रोफोन लावावा लागतो.

त्या दिवसांत आमची एक साधी चाचणी चालू होती. अधिक चिन्हाच्या आकाराची, जमिनीपासून अर्धा मीटर उंच अशी फळ्यांची मांडणी असते. दोन भुजांना भिंती, दोन उघड्या. उंदराला मधोमध सोडायचे आणि पाच मिनिटे तो कुठे किती वेळ थांबतो ते बघायचे. स्वस्थ उंदीरही भिंतींच्या आडच जास्त राहतो, पण अधूनमधून उघड्या भुजेवर येतो, कडेवरून मान खाली काढून डोकावतो, परत जातो. आमचे ताण न दिलेले उंदीर भिंतीच्या कोपऱ्यात अंग चोरून बसले ते बसलेच. दोन्ही गटांचे आकडे सारखे आले. निष्कर्ष निघाला तो एवढाच, की बांधकामाचा ताण सर्वांना समान होतो.

प्राण्यांवरच्या प्रयोगासाठी संस्थेच्या नीतिशास्त्र समितीकडून ठरावीक संख्येची परवानगी घ्यावी लागते. एकही प्राणी विनाकारण वापरायचा नाही, कमीत कमी प्राण्यांत काम भागवायचे, त्यांना कमीत कमी त्रास द्यायचा, हे १९५९ साली रसेल आणि बर्च यांनी मांडलेले तत्त्व आम्ही त्या अर्जात लिहून देतो आणि त्यावर सही करतो. तो सबंध गट फुकट गेला. त्यातून कोणालाच काही कळले नाही. माझ्या वाया गेलेल्या महिन्यांपेक्षा ही गोष्ट मला जास्त लागली. मग पुन्हा अर्ज, समितीची पुढची बैठक, नवी पिल्ले मोठी होईपर्यंत वाट. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ची कमाल मुदत सहा वर्षे, फेरनोंदणी केली तर आणखी दोन. महिलांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत आहे, त्याबद्दल आभार. पण तुमच्या ड्रिलपायी गेलेले दिवस या हिशेबात कोणी वजा करत नाही.

आता माणसाबद्दल. विभागात एक मामा होते. हजेरीपटावर ‘प्रयोगशाळा परिचर’, हाकेला मामा, सगळ्याच विभागांत असतात तसे. पिंजरा साफ करताना जुना भुसा थोडा मागे ठेवायचा, म्हणजे उंदरांना आपला वास सापडतो आणि ते बिथरत नाहीत, हे मला त्यांनी शिकवले. पुस्तकात मी ते नंतर वाचले. ते कधी अत्तर लावून आले नाहीत. उंदराला शेपटीने उचलणाऱ्या नव्या विद्यार्थ्याला सरळ खोलीबाहेर काढायचे, गाईड समोर असले तरी. ते निवृत्त झाले, पद सुधारित आकृतिबंधाच्या (मान्य पदांच्या आराखड्याच्या) मंजुरीत अडकले आणि तेव्हापासून एजन्सीमार्फत कंत्राटी माणूस येतो. येणारी माणसे वाईट नाहीत. पण करार अकरा महिन्यांचा, पगार उशिरा, म्हणून कोणी टिकत नाही. एक रुळला की दुसरा येतो, आणि मधले काही दिवस कोणीच नसते. मग खाद्य-पाणी विद्यार्थीच बघतात. दिवाळीतसुद्धा आमच्या पाळ्या लागलेल्या असतात. त्याची तक्रार नाही, प्राणी पाळले की ते आलेच.

तक्रार आहे ती डेटाची. २०१४ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘नेचर मेथड्स’मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. पिंजऱ्याजवळ पुरुष असला, किंवा नुसता त्याने घातलेला टी-शर्ट ठेवला, तरी उंदरांना ताण येतो आणि त्यांची वेदना मोजताना आकडे बदलतात, असे त्यांना आढळले. स्त्रियांच्या बाबतीत तसे झाले नाही. (आमच्या लॅबमधल्या मुलांची यावरून व्हायची तेवढी थट्टा झाली आहे.) म्हणजे उंदरांच्या खोलीत कोण वावरते, हा प्रयोगाचाच एक घटक ठरला. मध्येच माणूस बदलला, तर आधीचे उंदीर आणि नंतरचे उंदीर एका तक्त्यात डोळे झाकून मांडता येत नाहीत. आस्थापना विभागातली एक फाईल हलत नाही आणि इकडे माझ्या आलेखातले एरर बार, म्हणजे आकड्यांतली अनिश्चितता दाखवणाऱ्या रेघा, लांबत जातात. मी हे अलंकारिक बोलत नाही. चांगल्या जर्नलचे परीक्षक प्राण्यांची देखभाल कोणी आणि कशी केली, हे विचारतात आणि उत्तर लिहून द्यावे लागते.

खोलीच्या तापमानाचेही तेच. प्राणीप्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय समितीच्या मार्गदर्शक सूचना १८ ते २९ अंश सांगतात. मे महिन्यात आमच्याकडे बाहेर ४२-४३ असतात. अ‍ॅनिमल हाऊसला एसी एक, तोही विभागाच्याच लाइनवर. कॅम्पसमध्ये जनरेटर आहे. तो प्रशासकीय इमारतीला जोडलेला आहे.

उंदीर निशाचर. त्याच्या रक्तातले कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचे संप्रेरक दिवे मालवायच्या सुमाराला चढते, त्यामुळे नमुना रोज ठरल्या वेळीच घ्यावा लागतो आणि त्यापुढचे काम रात्री उशिरापर्यंत चालते. मुलींच्या वसतिगृहाचे दार मात्र आपल्या वेळेला बंद होते. लेट पाससाठी गाईडची सही, विभागप्रमुखांची सही, रेक्टरची सही, आणि एवढे करून पास मिळतो एका रात्रीचा. मुलांना यातले काहीही लागत नाही. यावर जवळजवळ शून्य खर्चाचा उपाय आहे: संशोधक विद्यार्थिनींना सत्रभराचा एकच पास द्या आणि विभागापासून वसतिगृहापर्यंतच्या रस्त्यावरचे दिवे चालू ठेवा.

यंत्रांबद्दल फार लिहीत नाही, ती कथा आपल्याला पाठ असेल. गोठवलेल्या मेंदूचे उणे २० अंशांच्या आसपास ३०-४० मायक्रोमीटर जाडीचे काप काढणारा क्रायोस्टॅट आमच्याकडे एका योजनेतून आला. नॅकच्या मूल्यांकनाच्या अहवालात त्याचा फोटो आहे. हमीची मुदत संपली आणि देखभाल कराराचे पैसे कोणत्या लेखाशीर्षातून द्यायचे यावर पत्रव्यवहार चालू राहिला, तो अजून चालूच आहे. कॉम्प्रेसर बंद. मी साखरेच्या द्रावणात ठेवलेले मेंदू थर्मोकोलच्या डब्यात घालून एसटीने दुसऱ्या शहरातल्या एका संस्थेत नेते आणि तिथल्या एका ताईंच्या ओळखीवर काप काढून आणते. कंडक्टरने डब्यात काय आहे विचारले, तर ‘औषध’ म्हणते. देशभरातली यंत्रे सगळ्यांना वापरता यावीत म्हणून केंद्राने आय-स्टेम पोर्टल काढले आहे, चांगली सोय आहे. पण यंत्राचे भाडे आणि जाण्यायेण्याचा खर्च विद्यार्थ्याने कुठून द्यायचा? बैल विकत घेऊन वैरणीची तरतूद न करणारा शेतकरी मी तरी पाहिलेला नाही.

पैशाचे सरळच बोलते. लॅबमध्ये आम्ही तिघे. एकाला केंद्राच्या सीएसआयआरची जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती) होती, आता एसआरएफ (वरिष्ठ) आहे. जानेवारी २०२३ पासून हे दर अनुक्रमे दरमहा ३७,००० आणि ४२,००० रुपये आहेत. दुसरी मी. मला राज्याच्या एका योजनेतली अधिछात्रवृत्ती आहे, ती येते तेव्हा सहा-सात महिन्यांची एकदम येते आणि येत नाही तेव्हा नुसती ‘प्रक्रियेत’ असते. तिसऱ्याला काही नाही. केंद्रीय विद्यापीठांत नेट नसलेल्या पीएच.डी. विद्यार्थ्याला निदान दरमहा ८,००० रुपये मिळतात. २०१२ पासून रक्कम तीच राहिली, हे निराळे. राज्य विद्यापीठांना ती योजना लागू नाही. काही विद्यापीठे स्वतःच्या निधीतून थोडेफार देतात, काही तेही देत नाहीत. हा तिसरा मुलगा सकाळी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो आणि धावतपळत दुपारी लॅबमध्ये येतो. कागदावर नोंदणी पूर्णवेळ. तिघांचे काम तेच, उंदीर तेच, रात्रीच्या पाळ्याही त्याच. प्रयोगात आम्ही उंदरांना अनिश्चिततेचा ताण देतो: कधी पिंजरा तिरका, कधी भुसा ओला, कधी अवेळी दिवा. त्यावरून अधिछात्रवृत्तीबद्दल जो विनोद सुचतो, तो आमच्याकडे इतक्यांदा करून झाला आहे की आता कोणी हसत नाही.

पदवी मिळाल्यावर पुढची गाठ. सीएसआयआर-नेटमध्ये मेंदूविज्ञान हा स्वतंत्र विषय नाही, आम्ही लाइफ सायन्सेसचा पेपर देतो. तो पास होऊन, न्यूरोसायन्समधली पदवी घेऊन माणूस सहायक प्राध्यापकाच्या जागेसाठी अर्ज करतो आणि छाननीतच प्रश्न येतो: जाहिरात प्राणिशास्त्राची, तुमचा विषय ‘संबंधित’ कसा? समकक्षता प्रमाणपत्र आणा. एक विद्यापीठ ते देते, दुसरे ते मानत नाही. सर्व कुलगुरूंनी मिळून समकक्ष विषयांची एक यादी ठरवली, तर एका बैठकीत मिटेल असे हे काम आहे. गाईडने मला पीएच.डी.ची नोंदणी प्राणिशास्त्रातच करायला लावली, ती यासाठीच. तेव्हा मला राग आला होता.

एका अधिकाऱ्यांनी मला सुचवले, एवढे अवघड आहे तर मेंदूविज्ञान मोठ्या संस्थांवर सोडा की. टीआयएफआर आहे, निम्हान्स आहे, मानेसरचे एनबीआरसी आहे, पुण्यात आयसर आहे. सगळ्या आहेत, आणि तिथल्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. शिवाय हा विषय विद्यापीठांना परका कधी नव्हता. अवतारसिंग पेंटल यांनी फुप्फुसातल्या जे-रिसेप्टरांवरचे (तिथली खबर मेंदूकडे पाठवणाऱ्या चेतातंतूंच्या टोकांवरचे) आपले जगन्मान्य काम दिल्ली विद्यापीठाच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये वर्षानुवर्षे केले. आपल्याच राज्यात, नागपूर विद्यापीठात, डॉ. निशिकांत सुभेदार आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी मागूर माशाच्या आणि पुढे उंदरांच्या मेंदूतल्या न्यूरोपेप्टाइडांवर (चेतापेशींमधले निरोप नेणाऱ्या रेणूंवर) दीर्घकाळ काम केले. ते शोधनिबंध मी आजही संदर्भाला घेते. अशा कामाला एकाच विषयाला चिकटून बसणारी माणसे लागतात आणि त्यांच्या हाताखाली एकामागून एक तयार होणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या लागतात. विद्यापीठाजवळ हेच तर असते, किंवा असायला हवे.

गरज आहे का, असेही विचारले जाते. ६० वर्षांवरील भारतीयांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. यांचा आजार समजून घेणारे, जिल्ह्याच्या कॉलेजात हा विषय शिकवणारे, सिव्हिल हॉस्पिटलच्या डॉक्टरांबरोबर बसून काम करणारे लोक चार-पाच संस्थांतून किती येणार?

‘निधी नाही’ हे उत्तर मला अपेक्षित आहे आणि ते अर्धेच खरे आहे. कायम पदांची मंजुरी शासनाच्या हातात असते, मान्य. त्यासाठी कुलगुरूंनी एकत्रितपणे शासनाकडे आग्रह धरावा. पण उच्च शिक्षणासाठीच्या केंद्राच्या पीएम-उषा योजनेत ‘मेरू’ (बहुविद्याशाखीय शिक्षण व संशोधन विद्यापीठ) म्हणून निवडलेल्या विद्यापीठाला १०० कोटी रुपये मिळतात, म्हणजे मोठी रक्कम हाताळायची सवय आपल्याला आहे. योजनेचा पैसा एकदा येतो, पगार आणि देखभाल दर महिन्याला लागतात. नेमकी इथेच सोय हवी. संशोधन प्रकल्प मंजूर होतो तेव्हा निधी देणारी संस्था विद्यापीठाला ओव्हरहेड म्हणून वेगळी रक्कम देते. ती वीज, जागा, देखभाल यांसाठीच असते. आमच्याकडे ती सर्वसाधारण निधीत जमा होते आणि नंतर तिचा माग लागत नाही. ज्या विभागाने प्रकल्प आणला त्याच्या देखभालीसाठी निदान निम्मा ओव्हरहेड राखून ठेवा, असा ठराव व्यवस्थापन परिषद करू शकते. यंत्रखरेदीच्या निविदेत पाच वर्षांचा देखभाल करार किमतीतच धरा. तेवढ्या पैशांत एक यंत्र कमी आले तरी चालेल. आणि नियमित भरती होईपर्यंत कंत्राटी परिचरच द्यायचा असेल, तर करार निदान तीन वर्षांचा करा आणि त्याचा पगार पाच तारखेला होऊ द्या.

अधिसभेच्या अर्थसंकल्पी बैठकीत संशोधनावर भाषणे होतात, मी ऐकली आहेत. यंदा भाषणाऐवजी ‘प्रयोगशाळा देखभाल व तंत्रसहाय्य’ असे एक लेखाशीर्ष उघडा आणि त्यात थोडी का होईना रक्कम टाका. शीर्ष असले की आमच्या अर्जाला निदान जायला जागा होईल.

आपल्यापैकी कोणाला अ‍ॅनिमल हाऊस पाहायचे असेल, तर जरूर यावे. रविवारी या, सोमवारी झाडलोट करून ठेवलेली असते. एका वेळी दोघांपेक्षा जास्त नकोत, मोबाईल बाहेर ठेवावा लागेल, फोटोग्राफर आणि पुष्पगुच्छ नकोत. अत्तरही नको. चपला दाराशी काढायच्या आहेत, आतल्या चपला आम्ही देऊ.

आपली विश्वासू,
एक पूर्णवेळ संशोधक विद्यार्थिनी

प्रत माहिती व योग्य त्या कार्यवाहीसाठी:
मा. वित्त व लेखा अधिकारी (क्रायोस्टॅटच्या देखभाल कराराची फाईल सध्या आपल्याकडे आहे)